सपाट वाट, दमट हवा
(धावपटूंच्या मेळाव्यातील भाषण)



मुंबई मॅरेथॉन २००४ साली सुरू झाली. मरीन ड्राइव्हचा समुद्र डोळ्यांना सुखावतो आणि परतीचा पेडर रोडचा चढ सोडला तर वाट बव्हंशी सपाट आहे. आम्हां डॉक्टरांना धास्ती वाटते ती या सपाटपणाचीच. चढ धावणाऱ्याला आपसूक आवरतो. सपाट रस्ता आवरत नाही. त्यातच किनाऱ्याच्या दमट हवेत घाम वाळत नाही, नुसता ओघळतो, आणि उष्णता शरीरातच कोंडते. धावपटू बरळू लागला, झोकांड्या खाऊ लागला, तर रुग्णवाहिका येईपर्यंत थांबू नये. तेथेच बर्फाच्या पाण्याने अंग थंड करावे.

दुसरा धोका नेमका उलट आहे. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्क्यांच्या रक्तातील सोडियम कमी आढळले. गरजेपेक्षा अधिक पाणी पिणे हे त्याचे प्रमुख कारण. म्हणून प्रत्येक टेबलावरचा पेला रिकामा करण्याचा हट्ट (आप्तेष्टांचा प्रेमळ आग्रह त्यात आलाच!) सोडावा, तहानेपुरतेच प्यावे. आणि भ्रमिष्टासारखे वागणाऱ्या धावपटूला सोडियम तपासल्याविना सलाइन लावण्याची घाई आमच्या स्वयंसेवक डॉक्टरांनीही करू नये.