कायद्यातले ‘वेपन’ आणि शेतातला कोयता



निवडणुका, मोर्चे, सणवार जवळ आले की वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर पोलिसांचा मनाई आदेश छापून येतो. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ मधल्या कलम ३७ चा तो आदेश. त्यात तलवारी, भाले, बंदुका, सुरे असतात. त्याच रांगेत सोटे, काठ्या, लाठ्या असतात. आणि शेवटी इजा करण्यासाठी वापरता येईल अशी कोणतीही वस्तू जवळ बाळगायला मनाई केलेली असते. आता देशाचा १९५९ चा शस्त्र अधिनियम उघडा. लाठी आणि चालताना हातात धरायची साधी काठी ही शस्त्रे नव्हेत, असे तिथे नाव घेऊन सांगितले आहे. एका कायद्याने लाठीला सोडले आहे, दुसरा तिला ठरावीक दिवसांपुरती घरी ठेवायला सांगतो. दोन्ही कायदे आपापल्या जागी बरोबर आहेत, कारण त्यांचे प्रश्न वेगळे आहेत. आज मला बोलायचे आहे ते या दोन प्रश्नांविषयी, आणि ज्या इंग्रजी शब्दाभोवती ते फिरतात त्या ‘वेपन’ या शब्दाविषयी.

शस्त्र अधिनियमाने ‘आर्म्स’ची व्याख्या केली आहे: हल्ल्यासाठी किंवा बचावासाठी ‘वेपन’ म्हणून घडवलेली, किंवा तशी बदलून घेतलेली वस्तू. पण ‘वेपन’ म्हणजे काय, हे त्या कायद्याने सांगितलेले नाही. तो शब्द रोजच्या इंग्रजीवर सोपवून कायदा पुढे जातो. व्याख्येतला जड शब्द आहे ‘घडवलेली’. लोहाराने ती वस्तू कशासाठी घडवली? निव्वळ घरकामासाठी किंवा शेतीसाठी घडवलेली वस्तू या व्याख्येबाहेर राहते. पुढे १९६२ च्या नियमांनी माप घातले: पाते ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद असेल तर ते धारदार शस्त्र, पण घर, शेती, शास्त्र आणि उद्योग यांसाठी घडवलेली पाती तिथेही वगळली. म्हणजे विळी, कुऱ्हाड, कोयता यांना परवाना लागत नाही.

ही सूट सहज मिळालेली नाही. १८५७ नंतर इंग्रजांनी या देशाला निःशस्त्र करायला घेतले आणि व्हाइसरॉय लॉर्ड लिटनच्या काळात, १८७८ मध्ये, त्याचा पक्का कायदा झाला. त्या कायद्याच्या ‘आर्म्स’मध्ये बंदूक आणि तलवार तर होतीच, धनुष्यबाणही होते. रानात शिकार करून जगणाऱ्या माणसाचे पोटाचे साधन एका शब्दात राजद्रोहाच्या सावलीत गेले. युरोपियनांना मात्र परवान्यातून मोकळीक होती. देशी भाषांतल्या वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदाही त्याच वर्षीचा. तो १८८२ मध्ये रद्द झाला. शस्त्रांचा कायदा स्वातंत्र्यानंतरही दशकभराहून अधिक काळ टिकला. १९३० मध्ये गांधीजींनी व्हाइसरॉय आयर्विनपुढे ठेवलेल्या अकरा मागण्यांत स्वसंरक्षणासाठी बंदुकीचे परवाने मिळावेत ही एक होती. अहिंसेच्या उपासकाला ही मागणी का करावीशी वाटली, याचा विचार आपण फारसा करत नाही. माणसाच्या हातातली वस्तू केवळ संशयाने काढून घेणे हा त्याच्या माणूसपणाचा अपमान आहे, असे मला वाटते, आणि त्या मागणीच्या मुळाशी मला हीच जाणीव दिसते. संविधान सभेत हरि विष्णू कामत यांनी शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत घालावा असा आग्रह धरला. तो मान्य झाला नाही. अनुच्छेद १९ ने दिला तो शांततेने, शस्त्राविना एकत्र जमण्याचा हक्क. आणि अनुच्छेद २५ ने शिखांच्या कृपाणाला धर्माचरणाचा भाग मानले.

हा झाला पहिला प्रश्न, वस्तू कशासाठी घडवली याचा. दुसरा प्रश्न फौजदारी कायदा विचारतो: ती वापरली कशी? जुन्या दंड संहितेतली कलमे ३२४ आणि ३२६ आता, १ जुलै २०२४ पासून, भारतीय न्याय संहितेच्या कलम ११८ मध्ये आली आहेत. गोळी झाडण्याचे, भोसकण्याचे, कापण्याचे कोणतेही साधन, किंवा हल्ल्याचे ‘वेपन’ म्हणून वापरले तर जीव जाऊ शकेल असे कोणतेही साधन, अशी तिथली भाषा आहे. इथे लोहाराचा हेतू कोणी विचारत नाही. रस्त्यावरचा दगडही या वाक्यात बसू शकतो. तो बसतो की नाही, हे दगडाच्या आकारावर आणि त्या खटल्यातल्या पुराव्यावर ठरेल, असे सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये मथाई विरुद्ध केरळ या खटल्यात सांगितले. फरक केवढा पडतो पाहा. साध्या मार्गाने केलेल्या जबर दुखापतीला जास्तीत जास्त सात वर्षे. तीच दुखापत घातक साधनाने केली तर दहा वर्षे किंवा जन्मठेप.

आता कोयता. कापण्याचे साधन म्हणून तो कलम ११८ मध्ये सरळ येतो, आणि शेतीचे अवजार म्हणून शस्त्र अधिनियमाच्या बाहेर राहतो. बीडचे किंवा आसपासच्या जिल्ह्यांतले जे श्रोते इथे असतील त्यांना कोयता म्हणजे काय हे मी सांगायला नको. गाळप हंगामासाठी ऊसतोडीला निघालेली नवरा-बायकोची जोडी मुकादमाच्या हिशेबात ‘एक कोयता’ असते. उचल कोयत्यावर मिळते. एकटा माणूस ‘अर्धा कोयता’. मजुरीसाठी संप केला की तो ‘कोयता बंद’. बुडख्याशी ऊस तोडणे, पाचट काढणे, वाढे छाटणे, हे सगळे त्या पात्यावर चालते. दोन माणसांचे जगणे ज्याच्या नावाने मोजले जाते असे दुसरे अवजार मला माहीत नाही.

२०२३ च्या सुरुवातीला पुण्यात हातात कोयते घेऊन दहशत माजवणाऱ्या टोळक्यांच्या बातम्या रोज येऊ लागल्या. लोक घाबरले आणि ती भीती खरी होती. पोलिसांनी कोयता विकत घेणाऱ्याचे आधार कार्ड पाहून नोंद ठेवायला दुकानदारांना सांगितले. ज्याने कोयत्याने माणसाला इजा केली त्याला कलम ११८ लावा, कडक शिक्षा होऊ द्या. त्याबद्दल माझे दुमत नाही. पण खरेदीच्या वेळीच संशय धरला की आपण दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पहिल्या प्रश्नाला चिकटवतो. त्याचा भार गुन्हेगारावर पडत नाही. चोरून, मागून, कुठूनही पाते मिळवणारा तो दुकानात येईलच असे नाही. भार पडतो तो कानस लावून झिजलेले पाते बदलायला आलेल्या मजुरावर, ज्याचा हंगाम आठवड्यावर आला आहे.

वृत्तपत्रांत काम करणारे मित्र समोर बसले आहेत, त्यांना माझी विनंती आहे. ‘घातक शस्त्र जप्त’ अशी बातमी हातात आली की कोणत्या कायद्याचे कोणते कलम लावले आहे, वस्तू कुठे आणि कोणाच्या हातात सापडली, आणि तिने कोणाला इजा झाली का, ही तीन उत्तरे ठाण्यातून मिळवा आणि मगच मथळा द्या.