‘बहुधा’ म्हणजे किती?

हिशेबाची वही आंकड्यांची असते आणि आंकड्यांना भाषेची अडचण नसते, अशी समजूत रूढ आहे. झालेल्या खर्चापुरती ती खरीहि आहे. परंतु जो खर्च अद्याप व्हावयाचा आहे, त्याचें काय? एखाद्या कारखान्यावर दहा लाखांच्या नुकसानभरपाईचा दावा चालू आहे. ती रक्कम देणें म्हणून ताळेबंदांत धरावी, टीपेंत नुसती नमूद करावी, कीं मुळींच सांगूं नये? याचें उत्तर एका शब्दावर येऊन ठेपतें.

अमेरिकेंत १९७५ सालीं निघालेल्या पांचव्या क्रमांकाच्या हिशेब-मानकानें संभवाच्या तीन पायऱ्या ठरविल्या: बहुधा घडेल, घडणें शक्य आहे आणि घडण्याचा संभव अत्यल्प आहे. एकाहि पायरीस आंकडा दिला नाहीं. १९९८ सालच्या सदतिसाव्या आंतरराष्ट्रीय मानकानें ‘बहुधा’ या अर्थाचा तोच इंग्रजी शब्द घेतला. मात्र न घडण्यापेक्षां घडण्याचा संभव अधिक, म्हणजे शंभरांत पन्नासाहून जास्त, असा त्याचा अर्थ केला. भारतांत २०१६ पासून टप्प्याटप्प्यानें लागू झालेल्या मानकांतहि हीच व्याख्या आहे. अमेरिकन हिशेबनीस त्याच शब्दाची पायरी सामान्यतः बरीच वर धरतात. दावा हरण्याचा संभव शंभरांत ६० असेल, तर आंतरराष्ट्रीय नियमानें दहा लाखांचें देणें ताळेबंदांत येईल. अमेरिकन रिवाजानें तें टीपेंतच राहण्याचा संभव अधिक.

शब्द दुसऱ्या भाषेंत गेला म्हणजे गुंता वाढतो. डुप्निक व रिक्टर या अभ्यासकांनीं २००३ सालीं प्रसिद्ध केलेल्या संशोधनांत अमेरिकन आणि जर्मन हिशेबनिसांना अशा शब्दांचें मोल आंकड्यांत सांगावयास लावलें. उत्तरांत लक्षणीय तफावत निघाली. तिला भाषांतर आणि संस्कृति दोन्ही कारण असल्याचें आढळलें. जर्मन व्यापारी कायद्यांत सावधगिरीचें तत्त्वच घातलेलें आहे: तोट्याची चाहूल लागतांच तो मांडावा, नफा प्रत्यक्ष पदरांत पडल्यावांचून मांडूं नये. या शिस्तींत वाढलेल्या हिशेबनिसास तोट्याविषयीं ‘बहुधा’ हा शब्द लवकर पटावा आणि नफ्याविषयीं उशिरा, यांत नवल नाहीं.

‘बहुधा येईन’ म्हणणाऱ्या पाहुण्यासाठीं एका घरांत पान मांडतात, दुसऱ्या घरांत वाट पाहतात. तिथें चूक झाली तर वाटीभर भात उरतो. ताळेबंदावर मात्र बँक कर्ज देते आणि कुटुंबें आपली शिल्लक भागांत गुंतवितात.

शब्दाऐवजीं आंकडाच लिहावा, हा उपाय सोपा दिसतो. पण न्यायालयाचा निकाल म्हणजे फांशांचा डाव नव्हे, आणि तेथील आंकडा अंदाजाला नसता नेमकेपणा देतो. हिशेबनिसानें शब्दाबरोबर आपलें कारणहि लिहावें, हें अधिक हिताचें. आणि वाचणाऱ्यानें शेवटची बेरीज पाहून न थांबतां तिच्याखालच्या टीपा अवश्य वाचाव्या.