मुद्दाम घेतलेला डंख
(रेडिओवरून प्रसारित झालेले भाषण)



मधमाशी चावली म्हणून दवाखान्यात धावत येणारी माणसं आम्हा डॉक्टरांना नवीन नाहीत. पण ‘मधमाशी चावून घ्यायचीय, कुठे सोय होईल?’ असं विचारत कुणी आलं, की बाकावर बसलेल्या सगळ्यांच्या माना वर होतात. विचारणारा बहुधा संधिवातानं बेजार झालेला असतो. त्यानं मोबाइलवर पाहिलेलं असतं : चिमट्यात जिवंत माशी धरायची, दुखऱ्या सांध्यावर टेकवायची, तिनं नांगी रुतवली की ती काही वेळ तशीच राहू द्यायची. एका बैठकीला असे पाच, दहा, कधी वीससुद्धा डंख.

मग बाकावरची मंडळी बोलू लागतात. एक आजोबा म्हणतात, “आमच्या लहानपणी हे फुकट व्हायचं. वर पोळ्याला दगड मारला म्हणून घरी मार बसायचा, तो वेगळा.” एका आजींची काळजी निराळी, “डंख मारला की माशी मरते म्हणे. मग ते पाप पेशंटच्या माथी की डॉक्टरच्या?” आणि कोपऱ्यातून कुणीतरी म्हणतं, “दहा माश्या चावल्यावर गुडघा दुखतोय हे आठवणार तरी कुणाला!” यावर सगळ्यात मोठ्यानं हसतो तो स्वतः पेशंट. महिनोन् महिने दुखणं सोसलेल्या माणसाचं ते हसू मला फार मोलाचं वाटतं. म्हणून मी त्याला गप्प करत नाही, उपचाराची थट्टाही करत नाही. आधी माहिती देतो.

ही कल्पना आजची नाही. फिलिप टेर्च नावाचे एक डॉक्टर मारिबोरला होते. तेव्हा ते शहर ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होतं, आज स्लोव्हेनियात आहे. १८८८ साली त्यांनी मधमाशीचा डंख आणि संधिवात यांच्या नात्याबद्दल व्हिएन्नात लेख प्रसिद्ध केला. पुढे बोडोग बेक या डॉक्टरांनी न्यूयॉर्कमध्ये हा उपचार चालवला आणि १९३५ साली त्यावर पुस्तक लिहिलं. म्हणजे शिकलेसवरलेले, पेशंटचं भलं चिंतणारे डॉक्टर या वाटेनं गेले होते.

कोपऱ्यातल्या त्या गृहस्थांचा विनोदही शास्त्राला धरून आहे. शरीराच्या एका भागात तीव्र वेदना झाली, की मेंदूच्या बुंध्यातून चालणारी यंत्रणा दुसऱ्या भागातल्या वेदनेचा निरोप मज्जारज्जूतच काही काळ दाबून धरते. १९७९ साली फ्रान्समधल्या संशोधकांनी उंदरांवर हे दाखवून दिलं. गुडघ्याला हलकं वाटतं ते खरंच वाटतं, पेशंट खोटं बोलत नाही. पण ते थोडा वेळच टिकतं, आणि सांध्याची सूज त्यानं उतरली असं म्हणता येत नाही.

डंख गुणकारी वाटण्याचं दुसरं कारण आपल्या मनात मुरलेलं आहे. झोंबलं म्हणजे लागू पडलं, अशी आपली समजूत. जखमेवर आयोडीन चरचरलं की आई म्हणायची, “बघ, जंतू मरतायत.” गोळी लिहून दिली की पेशंट हिरमुसतो, सुई टोचली की समाधानानं घरी जातो. मग एवढी आग करणारा डंख गुणकारी नसेलच कसा, हा प्रश्न त्याच्या जागी बरोबर आहे. पण आग होते ती विषामुळे. मधमाशीच्या सुक्या विषात जवळपास निम्मा भाग मेलिटिन नावाच्या द्रव्याचा असतो आणि ते पेशींची आवरणंच फोडतं. नांगीला उलटे काटे असतात, त्यामुळे ती कातडीत अडकून तुटते, आणि माशी उडून गेली तरी मागे राहिलेली विषाची पिशवी आकुंचन पावत विष आत ढकलत राहते. ती आग विषाचं काम सांगते, रोगाचं काही सांगत नाही.

वेदना नीट मोजण्यासाठी मुद्दाम डंख घेणारा एक संशोधकही आहे. अमेरिकेत मायकेल स्मिथ या तरुणानं शरीराच्या पंचवीस जागांवर मधमाशीचे डंख घेतले आणि प्रत्येकाला दहापैकी गुण दिले. २०१४ साली ते छापून आलं. सर्वांत जास्त दुखली नाकपुडी, नऊ गुण. खालोखाल वरचा ओठ. दंडाला आणि डोक्याला त्या मानानं बरंच कमी. हे सांगितलं की दवाखान्यात हमखास हशा होतो आणि दोघे-तिघे तरी आपापलं नाक चाचपून पाहतात. मला त्या तरुणाचं कौतुक वाटतं, कारण त्यानं आपल्या दुखण्यावर दावा उभारला नाही, नोंद ठेवली.

उपचाराची तशी नोंद ठेवली तेव्हा काय दिसलं? नेदरलँड्समध्ये मल्टिपल स्क्लेरॉसिस या मज्जासंस्थेच्या आजाराच्या २६ रुग्णांवर पद्धतशीर चाचणी झाली. २४ आठवडे, आठवड्यातून तीनदा, वीसपर्यंत जिवंत माश्यांचे डंख. आजार कमी झाला नाही, थकवा हटला नाही. २००५ साली हे प्रसिद्ध झालं. एवढं सोसलेल्या त्या माणसांबद्दल मला आदर वाटतो. त्यांनी सोसलं म्हणून आपल्याला उत्तर मिळालं.

आणि इथे हसू आवरायला हवं. स्पेनमध्ये ५५ वर्षांच्या एका बाईंनी हा उपचार दोन वर्षं, दर चार आठवड्यांनी घेतला होता. काही त्रास नव्हता. मग एका डंखानंतर धाप लागली, शुद्ध हरपली आणि पुढे काही आठवड्यांनी त्या गेल्या. २०१८ साली ही हकिगत वैद्यकीय नियतकालिकात आली. आधी सोसलं म्हणून पुढेही सोसेल, असा भरवसा विषाच्या ॲलर्जीत धरता येत नाही.

याच विषाचा खात्रीचा उपयोगही आहे. ज्यांना मधमाशीची तीव्र ॲलर्जी आहे, त्यांना शुद्ध केलेल्या विषाचे अगदी अल्प मात्रेपासून वाढवत नेलेले डोस, तीन ते पाच वर्षं, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली देतात. शरीर हळूहळू त्या विषाला सरावतं. मोजून, जपून दिलेलं विष माणूस वाचवतं, हे मला वैद्यकातलं एक सुंदर काम वाटतं.

महाबळेश्वरजवळच्या मांघरसारख्या गावात सातेरी माश्यांच्या पेट्या ठेवणारे कधीमधी डंख खातातच. तुमच्या-आमच्या अंगणातही तो बसू शकतो. तेव्हा नांगी दिसली की नखानं खरवडून लगेच काढा, कशानं काढू या विचारात वेळ घालवू नका. तेवढ्या जागेवर सूज आली तर बर्फ लावा. पण अंगभर गांधी उठल्या, ओठ-जीभ सुजली, आवाज बसला, धाप लागली, चक्कर आली, तर घरगुती उपाय करत बसू नका. माणसाला आडवं करा, श्वास लागत असेल तर टेकून बसवा, उभं करून चालवू नका. १०८ ला फोन करा आणि मधमाशी चावली आहे हे आधी सांगा. अशा वेळी मांडीत द्यायचं ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन हेच पहिलं औषध, आणि ते काही मिनिटांत मिळायला हवं.