गोळी लपवून का घ्यायची?

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या सभागृहात केलेले भाषण)



मी डॉक्टर नाही. सगळी नोकरी बँकेत झाली. तरी आज एका दुखण्याबद्दल बोलणार आहे, कारण ते आमच्या घरात आहे. माझ्या सुनेला आणि नातवाला एडीएचडी आहे. दोघांना विचारूनच बोलतोय. काय सांगायचं आणि काय नाही, हे सूनबाईनेच ठरवून दिलंय.

पूर्ण नाव 'अटेन्शन डेफिसिट हायपरॲक्टिव्हिटी डिसऑर्डर'. म्हणजे लक्ष कमी आणि चंचलता जास्त. पण नाव जरा फसवं आहे. लक्ष नसतंच असं नाही, ते कुठे लावायचं आणि कुठून काढायचं याचा लगाम हातात राहत नाही. आवडीच्या कामात तीन तास मान वर होत नाही, आणि मेंटेनन्सचा चेक लिहून टेबलावर तसाच पडून राहतो.

"आमच्या वेळी असलं काही नव्हतं, हे मोबाईलचं फॅड," असं कट्ट्यावर ऐकू येतं. मंडळी, अलेक्झांडर क्रिक्टन नावाच्या स्कॉटिश डॉक्टरने लक्ष न टिकण्याच्या विकाराबद्दल १७९८ साली लिहून ठेवलंय. १९०२ मध्ये लंडनला डॉ. जॉर्ज स्टिल यांनी अशा मुलांवर व्याख्यानं दिली. आज वापरतात ते मिथाइलफेनिडेट हे औषध १९४४ साली तयार झालं. तेव्हा इथल्या बऱ्याच जणांचा जन्मही झाला नव्हता! आमच्या वेळीही अशी मुलं वर्गात होती. त्यांना 'वांड' किंवा 'धांदरट' म्हणत आणि छडी मिळे, एवढाच फरक.

नातवाची तपासणी झाली तेव्हा डॉक्टरांनी आई-वडिलांच्या लहानपणाबद्दलही विचारलं, कारण हा विकार बऱ्याचदा घराण्यात चालत येतो. रक्त तपासून किंवा स्कॅन काढून तो कळत नाही. लहानपणापासूनचा इतिहास, शाळेतलं आणि घरातलं वागणं, हे सगळं पाहून निदान करतात. प्रत्येक प्रश्नाला सूनबाई मनात म्हणत होती, "हे तर माझंच!" वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी तिचं निदान झालं. मुलींमध्ये धावपळीपेक्षा हरवलेपण जास्त दिसतं, त्यामुळे त्या बऱ्याचदा सुटून जातात.

तुम्ही म्हणाल, ती तर गणपतीतले कार्यक्रम घड्याळाच्या काट्यावर बसवते. बरोबर. पण त्यासाठी मोबाईलमध्ये सहा गजर असतात, फ्रिजवर चिठ्ठ्या असतात, आणि कुठेही जायचं तर ती तासभर आधीच तयार होऊन बसते. कोणी बोलत असताना मध्येच तोडू नये म्हणून ती जीभ दाताखाली धरते. चार लोकांत नीटनेटकं दिसायचं आणि घरी आल्यावर दार लावून पडून राहायचं. बँकेच्या भाषेत सांगायचं तर मुद्दल आजाराचं, पण व्याज लपवण्याचं. आणि व्याजच जास्त जातं.

आता गोळीबद्दल. मेंदूत डोपामाइन आणि नॉरॲड्रेनॅलिन ही रसायनं असतात, ती या औषधाने जास्त उपलब्ध होतात. गोळीने हुशारी येत नाही, स्वभाव बदलत नाही आणि आजार मुळापासून जातही नाही. हातातलं काम हातात राहतं, एवढंच. भूक मंदावते, झोप लांबते, म्हणून वजन, नाडी आणि रक्तदाब तपासत राहावं लागतं. सगळ्यांना एकच औषध लागू पडत नाही. ॲटोमॉक्सेटिनसारख्या औषधाचा पूर्ण गुण यायला काही आठवडे जातात. काहींना सवयी लावण्याचं मार्गदर्शन आणि समुपदेशनही लागतं. डोस डॉक्टरच ठरवतात. परीक्षा जवळ आली म्हणून दुसऱ्याची गोळी आपल्या मुलाला देणं धोक्याचं आहे.

मागच्या वर्षीची आपली सहल आठवा. नाश्त्याला आम्ही सात-आठ ज्येष्ठांनी बीपीच्या, शुगरच्या गोळ्या बशीशेजारी मांडल्या. "तुमची किती पॉवरची?" अशी चर्चासुद्धा रंगली. त्याच वेळी सूनबाई नातवाला घेऊन बसच्या मागे गेली. गोळ्या व्हिटॅमिनच्या डबीत होत्या. "कोणी विचारलं तर ताकदीची गोळी सांग," असं पोराला शिकवलेलं. रात्री त्याने मला विचारलं, "आजोबा, तुम्ही सगळ्यांसमोर घेता, मग मी का नाही?" मी त्याला म्हटलं, "तू विचारतोस ते बरोबर आहे, बाळा." आज इथे उभं राहण्याचं कारण तो प्रश्न आहे.

आपल्याकडून फार काही नको. जिन्यात धडपडणाऱ्या मुलाला "याला वळणच नाही" म्हणू नका. ऐकणाऱ्या आईच्या पोटात ते वर्षभर राहतं. कोणी विसरलं तर टोमण्याऐवजी एक फोन करा. औषध चालू असेल तर "सवय लागेल, बंद करा" असा सल्ला देऊ नका, तो विषय त्यांच्या डॉक्टरांचा. आणि कोणाला आपल्या घरात शंका वाटत असेल, तर सरकारची 'टेलि-मानस' ही मोफत सेवा १४४१६ या नंबरवर चोवीस तास चालू असते, मराठीतही बोलता येतं.

पंचवीस वर्षांत आपण पाण्याची टंचाई, लिफ्टची दुरुस्ती, लग्नं-बारशी सगळं मिळून निभावलं. आता येत्या सहलीत माझ्या बीपीच्या गोळीशेजारी नातवाची गोळीही बशीशेजारी असेल. कोणी विचारलं तर तो नाव सांगेल. तुम्ही फक्त म्हणा, "बरं," आणि पोह्यांची बशी पुढे करा.