बियाण्यांच्या गावात बीविरहित झाड



बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली जालन्यात महिको या बियाणे कंपनीची स्थापना केली. तेव्हापासून संकर ही या गावाची पोटापाण्याची विद्या झाली. म्हणून झाडांमधल्या जादा गुणसूत्रसंचांवर बोलायला मला जालना एमआयडीसीहून योग्य जागा सुचत नाही.

जादा संच तुम्हाला नवे नाहीत. देशी कापसात २६ गुणसूत्रं, अमेरिकन कापसात ५२. आपला बियाणे बाजार या चतुर्गुणित, म्हणजे चार संचांच्या, पिकावर वाढला. इथल्या रेशीम कोष बाजारामुळे परिचयाची झालेली तुती साधारणपणे २८ गुणसूत्रांची, तिचे त्रिगुणित वाण ४२ गुणसूत्रांचे. पण कापसाच्या बोंडावरून झाडाच्या खोडाचा अंदाज बांधता येत नाही.

स्वीडनमध्ये नील्सन-एले यांनी १९३६ साली अवाढव्य पानांच्या अ‍ॅस्पेनची नोंद प्रसिद्ध केली. ते झाड त्रिगुणित निघालं आणि जगभरच्या पैदासकारांना वाटलं, संच वाढवा, लाकूड वाढेल. पुढच्याच वर्षी संच दुप्पट करणाऱ्या कोल्चिसीन या रसायनाचा उपयोग कळल्यावर चतुर्गुणित रोपंही तयार होऊ लागली. त्यातली बरीचशी रखडली. पेशी मोठ्या झाल्या, पण त्यांचं विभाजन मंदावलं. तीन संच फळले, चार अनेकदा फळले नाहीत. जास्त म्हणजे चांगलं, हा हिशोब झाडात चालत नाही.

आता लिग्निन. पेशीभित्तिकेला ताठपणा देणारा हा पदार्थ कागद गिरणीला नकोसा, कारण तो काढायला रसायनं आणि उष्णता खर्च होते. गुरांच्या पोटालाही तो पचत नाही. जळणाला मात्र तो हवाच, कारण त्याची उष्णता सेल्युलोजपेक्षा जास्त. बीजिंगमध्ये कागदासाठी त्रिगुणित पॉपलर विकसित झाला तो वाढ, तंतूंची लांबी आणि कमी लिग्निन यांच्या ओढीनं. बेल्जियमच्या शास्त्रज्ञांनी २०१९ मध्ये अरॅबिडॉप्सिस या चिमुकल्या रोपात दोन ते आठ संचांची मालिका तपासली. संच वाढले तसं खोडातलं लिग्निन घटलं, पण सेल्युलोजही घटलं. याचा संबंध त्यांनी रोपांच्या लांबलेल्या वाढीशी जोडला. माझ्या मते आपल्यासाठी सर्वांत मोलाची गोष्ट हीच आहे. लिग्निन भित्तिकेत उशिरा साचतं. सावकाश पिकणारं झाड आणि लवकर पिकणारं झाड एकाच वयाला तोडून तुलना केली, तर आपण वाणाऐवजी कोवळेपणा मोजत असतो. यापुढच्या चाचण्यांत वयाबरोबर घेर आणि लाकडाची परिपक्वता नोंदवा, असा माझा आग्रह आहे.

महाराष्ट्राकडे यासाठी स्वतःचं झाड आहे: सुबाभूळ. उरुळीकांचनच्या मणिभाई देसाई यांच्या बायफ या संस्थेनं चाऱ्यासाठी तिचा प्रसार केला. तिच्यात १०४ गुणसूत्रं. निसर्गानंच दोन जातींच्या संकरातून घडवलेली ती चतुर्गुणित. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत बी. एम. खान यांच्या गटानं तिच्या लिग्निन घडवणाऱ्या जनुकांवर काम केलं. हे काम सोपं नव्हे. बहुगुणित झाडात एकाच जनुकाच्या अनेक प्रती असतात, एक आवरली तर दुसरी ते काम उचलू शकते. आणि लिग्निन फार घटलं तर पाणी वर नेणाऱ्या नलिका दबतात, झाड खुरटतं. पाण्याला मोताद असलेल्या आपल्या मराठवाड्यात हा धोका कुणी हलक्यात घेऊ नये.

सुबाभळीचं खरं दुखणं तिच्या शेंगा. एका झाडाचं बी आजूबाजूचं पडीक रान व्यापतं. तिचा ५२ गुणसूत्रांच्या लुसिना एस्क्युलेंटा या जातीशी संकर केला की ७८ गुणसूत्रांचं त्रिगुणित झाड मिळतं. हवाईमध्ये असे संकर झालेले आहेत. तीन संचांची जोडी नीट लागत नाही, म्हणून बी धरत नाही. आणि शेंगांवर जाणारी शक्ती पानाला, खोडाला मिळण्याची आशा धरता येते.

बियाण्याच्या धंद्याला हे परवडेल का, असं विचारलं जातं. बिनबियांच्या कलिंगडाचं बी कंपन्या दरवर्षी विकतातच. सुबाभूळ स्वतःच्याच परागानं फळते, म्हणून ती नर ओळीत लावायची. तिच्या बहुतेक भाऊबंदांत स्वपरागण होत नाही, तेव्हा मादी ओळ त्यांची. फुलोऱ्याच्या वेळा जुळवणं आणि दोन ओळींमधलं अंतर राखणं जालन्याच्या बीजोत्पादकांना नव्यानं शिकवावं लागणार नाही. पहिली लागवड या पावसाळ्यातच व्हावी: मूळ सुबाभूळ, तिची जोडीदार जात आणि त्यांचा त्रिगुणित संकर एकाच शेतात, आणि तोडणी समान घेराला.