परक्यांबरोबर काम करतांना

मराठी माणूस कामाच्या जागीं "बघतों" असें म्हणतो, तेव्हां त्या एका शब्दांत किती अर्थ सांठवलेले असतात याचा, श्रोतेहो, आपण क्वचितच विचार करतों. "बघतों" म्हणजे करतों. "बघतों" म्हणजे जमल्यास करतों. आणि पुष्कळ वेळां "बघतों" म्हणजे हें होणार नाहीं, पण तोंडावर नाहीं म्हणण्याचा कडूपणा नको. यांपैकीं कोणता अर्थ घ्यावयाचा, हें स्वर, चेहरा आणि मागचा अनुभव यांवरून आपणांस अचूक कळतें. परंतु चाकणच्या कारखान्यांत आलेल्या जर्मन अभियंत्याला किंवा टोकियोहून बोलणाऱ्या अधिकाऱ्याला तोच शब्द इंग्रजींत उतरवून सांगितला, तर त्याला तें वचन वाटतें. पंधरा दिवसांनीं तो विचारतो, काम कोठवर आलें? आणि मग दोघेही एकमेकांना मनांतल्या मनांत लबाड ठरवून मोकळे होतात.

हल्लीं पुण्यामुंबईच्या अनेक घरांतून कोणी ना कोणी परदेशी सहकाऱ्यांबरोबर रोज काम करीत असतें. अशा कामास लागणाऱ्या गुणांची गोष्ट निघाली कीं बहुधा शिष्टाचार पुढें येतात: भेटपत्र दोन्ही हातांनीं द्यावें कीं एका, हस्तांदोलन करावें कीं नमस्कार. या गोष्टी चांगल्याच आहेत, आणि त्या एका दुपारांत शिकतां येतात. खरी अडचण निराळी आहे. ती स्पष्ट दिसते ती अशा एका धंद्यांत, जेथें गैरसमजाची किंमत पंधरा दिवसांनीं नव्हे, तर कांहीं मिनिटांतच द्यावी लागते. तो धंदा विमानवाहतुकीचा. वैमानिक आणि जमिनीवरचा नियंत्रक हे एकमेकांचे सहकारी खरे. पण ते एकमेकांस पाहत नाहींत, पुष्कळदां एका देशाचेही नसतात, आणि त्यांच्यामध्यें केवळ आवाज असतो.

२५ जानेवारी १९९० रोजीं कोलंबियांतून निघालेलें एव्हियांका कंपनीचें एक बोइंग ७०७ विमान न्यूयॉर्कच्या जवळ आलें. हवा खराब होती, आकाशांत विमानांची गर्दी झाली होती. या विमानास तीन टप्प्यांत मिळून सव्वा तासाहून अधिक वेळ घिरट्या घालीत थांबावें लागलें. इंधन संपत आलें. नियंत्रकांशीं बोलण्याचें काम सहवैमानिकाकडे होतें. आम्हांस अग्रक्रम हवा असें वाटतें, असें तो म्हणाला. पुढें, इंधन संपत आहे, असेंही म्हणाला. आणीबाणी आहे असें त्यांना सांग, असें मुख्य वैमानिक त्याला स्पॅनिशमध्यें बजावीत होता, आणि सांगितलें, असें उत्तर त्याला मिळत होतें. परंतु आणीबाणी हा नेमका शब्द नियंत्रकांच्या कानांवर शेवटपर्यंत पडला नाहीं. उतरण्याचा पहिला प्रयत्न फसला. नियंत्रकानें विमानास पुन्हां मोठा वळसा घ्यावयास सांगितलें आणि इंधनाच्या दृष्टीनें तें चालेल ना, असें विचारलेंही. चालेल असें वाटतें, अशा अर्थाचें उत्तर देऊन सहवैमानिकानें वर आभार मानले! कांहीं मिनिटांनीं चारही इंजिनें बंद पडलीं. विमानांतील १५८ जणांपैकीं ७३ जण मृत्यु पावले.

या माणसाला इंग्रजी येत नव्हतें असें म्हणतां येणार नाहीं. त्याचीं वाक्यें समजण्याजोगीं होतीं आणि नियंत्रकांस तीं समजलींही. समजलें नाहीं तें त्या वाक्यांचें वजन. न्यूयॉर्कच्या गर्दींत इंधन कमी असल्याची तक्रार म्हणजे नेहमींचीच बाब. बिकट प्रसंग असेल तर माणूस तसें स्पष्ट सांगेल, अशी तेथील समजूत. उलट बाजूला, आम्ही इतकें बोललों म्हणजे पुढचें त्यांनीं ओळखावें, अशी समजूत असावी असें मला वाटतें. ही दुसरी समजूत आपणां मराठी माणसांस अनोळखी नाहीं. चौकशी मंडळानें मुख्य दोष वैमानिकांस दिला. परंतु इंधनाच्या टंचाईसाठीं दोन्ही पक्षांस सारखीच कळेल अशी ठराविक परिभाषा नव्हती, हेंही नमूद केलें. २०१२ पासून आंतरराष्ट्रीय नियमांत तशी परिभाषा आली: आधीं 'मिनिमम फ्युएल', आणि प्रसंग त्याहून बिकट असेल तर तीन वेळां 'मेडे' म्हणून 'फ्युएल'. हा 'मेडे' शब्दही मोठा मौजेचा आहे. लंडनजवळच्या क्रॉयडन विमानतळावरील एका रेडिओ-अधिकाऱ्यानें तो १९२३ च्या सुमारास फ्रेंचमधील 'मला मदत करा' या अर्थाच्या शब्दांवरून घडविला. कारण तेथली बरीचशी वर्दळ पॅरिसशीं होती.

आपल्या देशांतील घटना अनेकांस आठवत असेल. १२ नोव्हेंबर १९९६ च्या संध्याकाळीं हरियाणांत चरखी दादरीजवळ सौदी अरेबियाचें आणि कझाकस्तानचें अशीं दोन विमानें हवेंत आदळलीं आणि ३४९ माणसें गेलीं. कझाक विमानास १५,००० फुटांवर राहावयाचें होतें, सौदी विमानास १४,००० फुटांवर. कझाक विमान त्याहून खालीं उतरलें. त्या विमानांत दिल्लीशीं इंग्रजींत बोलण्याचें काम रेडिओचालकाचें होतें, विमान चालवणारे दुसरेच. न्यायमूर्ति लाहोटी यांच्या आयोगानें नेमून दिलेली उंची सोडल्याचा दोष कझाक वैमानिकांवर ठेवला आणि इंग्रजीचें अपुरें ज्ञान हें त्यामागचें संभाव्य कारण सांगितलें. आपल्या कचेऱ्यांतूनही असा एक रेडिओचालक असतोच. परदेशी साहेबाशीं तोच बोलतो, आणि प्रत्यक्ष काम करणारे बाकीचे मान डोलावतात.

२००३ सालीं आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेनें वैमानिकांच्या व नियंत्रकांच्या भाषेसाठीं सहा पायऱ्या ठरवून त्यांतली चौथी तरी गांठलीच पाहिजे असा नियम केला. त्यासंबंधींच्या मार्गदर्शनांत मला विशेष शहाणपणाची वाटते ती गोष्ट अशी, कीं ज्यांची मातृभाषाच इंग्रजी आहे त्यांनाही जबाबदारींतून सोडलेलें नाहीं. त्यांनीं सावकाश बोलावें, वाक्प्रचार टाळावेत. एरव्हीं सारा भार परक्यावर टाकला जातो. नवीन आला त्यानें शिकावें! परंतु पुण्याच्या कचेरींत चेन्नईहून आलेली मुलगी पाटीशेजारीं पाटी मांडून गप्प जेवत असते आणि आपल्या मराठी गप्पा तिच्या डोक्यावरून चाललेल्या असतात, तेव्हां घरचे आपणच असतों.

विमानवाल्यांची आणखी एक रीत सांगतों. १९७७ सालीं टेनेरिफ बेटावर दोन प्रचंड विमानें धांवपट्टीवर आदळून ५८३ माणसें मेलीं. धुक्यांत डच विमान उड्डाणासाठीं धांवूं लागलें होतें आणि तसें त्यांनीं आपल्या इंग्रजींत कळविलेंही. स्पॅनिश नियंत्रकास तें केवळ तयारीचें बोलणें वाटलें. त्याच्या उत्तराचा आरंभ 'ओके' नें झाला, आणि पुढचे, थांबा म्हणणारे शब्द दुसऱ्या संदेशाच्या गोंगाटांत बुडाले. त्यानंतर केवळ 'ओके' वर भागवण्याची संवय मोडण्यांत आली. महत्त्वाची सूचना वैमानिकानें पुन्हां म्हणून दाखवावयाची आणि नियंत्रकानें ती ऐकून पडताळावयाची.

हें कचेरींत आणणें अवघड नाहीं. "समजलें ना?" असें विचारलें तर जपानी, बंगाली किंवा मराठी कोणीही "हो" म्हणेल, वरिष्ठापुढें दुसरें म्हणवतही नाहीं. त्याऐवजीं, "उद्यां सकाळीं पहिलें काय हातीं घेणार?" असें विचारून पाहावें. उत्तर दोन वाक्यांचें येतें, आणि तें आपल्या मनांतल्यापेक्षां निराळें असलें तर त्याच संध्याकाळीं कळतें.