हात वर करण्याआधी नळ सोडून बघा

(ग्रामपंचायतींच्या महिला सदस्य आणि पाणी समित्यांमधल्या बायका यांच्या दोन दिवसांच्या शिबिरात केलेलं भाषण)



हंडा मोर्चा कसा काढायचा हे आपल्याला कुणी शिकवायला नको. गोरेगावच्या मृणालताई गोऱ्यांना लोक 'पाणीवाली बाई' म्हणायला लागले, तेव्हापासून रिकामा हंडा घेऊन कचेरीसमोर बसण्यात बायकांचा हात कुणी धरलेला नाही. पाणी मागणं आपल्याला येतं. आज मला बोलायचंय ते पाणी ताब्यात घेण्याबद्दल. टाकी बांधून होते, पाइप पुरला जातो, दारात तोटी बसते, आणि मग एक दिवस गावासमोर कागद येतो की योजना पूर्ण झाली, मान्य आहे का? त्या दिवशी सभेत बायका किती असतात? असल्या तरी बोलतात किती?

आधी त्या कागदाची वाट समजून घेऊ. १५ ऑगस्ट २०१९ ला जल जीवन मिशन जाहीर झालं. घरटी नळ, माणशी रोज ५५ लिटर, पाणी पिण्यालायक आणि नियमित, असं त्याचं म्हणणं. एखाद्या गावात सगळ्या घरांना नळ दिले की खातं ते गाव 'हर घर जल' म्हणून नोंदवतं. पण एवढ्यानं ते प्रमाणित होत नाही. अभियंत्यानं काम पूर्ण झाल्याचा दाखला ग्रामपंचायतीला द्यायचा, तो ग्रामसभेत वाचायचा, आणि ग्रामसभेनं ठराव करायचा की प्रत्येक घरात, शाळेत, अंगणवाडीत पाणी येतं, एकही घर सुटलेलं नाही. सभेचं चित्रीकरणही करायचं. गोवा ऑगस्ट २०२२ मध्ये देशातलं पहिलं प्रमाणित राज्य ठरलं, ते तिथल्या ३७८ गावांच्या ग्रामसभांनी असं सांगितल्यावर.

म्हणजे बघा, शेवटचा शब्द अभियंत्याचा नाही, ठेकेदाराचा नाही, सरपंचाचाही एकट्याचा नाही. तो ग्रामसभेचा आहे. आणि गावात रोज तोटी कोण सोडतं? पाणी किती वाजता येतं, धार कधी बारीक होते, पहिली पाच मिनिटं कसलं गढूळ येतं, हे कुणाला माहीत असतं? ज्यांना माहीत नसतं ते पुढं बसून हात वर करतात आणि ज्यांना माहीत असतं त्या मागं पदर सावरत उभ्या असतात. पाणी समितीत निम्म्या बायका घ्या असा नियम आहे, त्याप्रमाणे नावं लागतातही. पण नावासमोरची सही पुष्कळदा घरी रजिस्टर पाठवून घेतली जाते. मालक म्हणतात, 'इथं सही कर', आणि आपण करतो. ही सही म्हणजे गावाची पावती आहे, बायांनो. माल न बघता पावती द्यायची नसते, एवढं आपल्याला बाजारात कळतं.

मग माल बघायचा कसा? त्याला इंजिनिअर व्हायला नको, दहा लिटरची बादली आणि मोबाइलचं घड्याळ पुरे. पाच माणसांच्या घराला दिवसाला २७५ लिटर मिळायला हवेत. समजा तुमची बादली दोन मिनिटांत भरते आणि नळ अर्धा तास चालतो. म्हणजे पंधरा बादल्या, १५० लिटर, माणशी ३०. कागदावर ५५ आणि घरात ३०! आता हीच बादली गावाच्या शेवटच्या घरात लावा. तिथं ती भरायला चार मिनिटं लागत असतील तर त्या घराला ७५ लिटर मिळाले. माणशी पंधरा.

शेवटचं घर मी मुद्दाम म्हणते. टाकीजवळच्या आळीत धार जोरात असते, पाहुणे आले की त्यांना तिथलाच नळ दाखवतात. आणि शेवटाला कोण राहतं? बहुतेक गावांत दलित वस्ती, नाहीतर ओढ्यापलीकडचं पालांचं किंवा आदिवासींचं घर, किंवा एखादी एकटी बाई. महाडला चवदार तळ्यावर २० मार्च १९२७ ला सत्याग्रह झाला त्याला शंभर वर्षं होत आली. पाइपाला जात नसते, पण तो कुठून न्यायचा आणि कुठं थांबवायचा हे ठरवणाऱ्यांना असते. तेव्हा बादली तिथून सुरू करायची आणि टाकीकडे येत जायचं.

दुसरं, महिना विचारा. चाचणी डिसेंबरात घेतली असेल तर विहीर तेव्हा भरलेलीच असते. ती एप्रिल-मेमध्ये किती पाणी देते, उन्हाळ्यात उपसा करून बघितला होता का, हे दाखला वाचणाऱ्या साहेबांना सभेतच विचारायचं. उत्तर गोलमाल आलं तर तेही इतिवृत्तात लिहून घ्यायचं. हा प्रश्न मला सगळ्यांत मोठा वाटतो. नळ कोरडा पडला की हंडा परत आपल्याच डोक्यावर येतो, आणि मुलीची शाळा त्या महिन्यात पुन्हा बुडते.

तिसरं, पाण्याची शुद्धता. नव्या पाइपात माती, तेल, काय काय असतं. वापर सुरू करण्याआधी त्यात क्लोरीनचं कडक पाणी भरून साधारण दिवसभर ठेवायचं, सोडून द्यायचं, पाइप धुवायचा आणि मग नमुना तपासायचा, ही पद्धत आहे. भारतीय मानकाप्रमाणे १०० मिलिलिटर पाण्यात ई-कोलाय हा जंतू सापडताच कामा नये. क्लोरीन टाकीत नव्हे, शेवटच्या नळाला निदान ०.२ मिलिग्रॅम उरला पाहिजे. दाब देऊन पाइपाची गळतीचाचणीही व्हायला हवी. आपल्याकडे पाणी ठरावीक वेळ येतं. ते बंद झालं की पाइपातला दाब जातो आणि फटीतून गटाराचं पाणी आत शिरतं. पाइप बुजवण्याआधी तो किती खोल घातला हे ज्यांच्या दारासमोर चर खणला त्या बायकांनीच बघितलेलं असतं. त्यांची साक्ष घ्या.

प्रत्येक गावात पाच बायकांना पाणी तपासण्याची पेटी वापरायला शिकवावं असं मिशनच सांगतं. पण त्यांनी काय तपासलं, काय निघालं, ते सभेत किती ठिकाणी वाचलं जातं?

आमच्या भागातल्या एका गावात बायकांनी हे केलं. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची असते, कायद्यातच आहे. एरवी ती रजिस्टरातच भरते. त्यांनी ती खरोखर भरवली, देवळाच्या ओट्यावर. घर-घर बादली लावून यादी केली. अकरा घरांत पाणी चढतच नव्हतं. ग्रामसभेत एकीनं यादी वाचायला घेतली तेव्हा पुढून आवाज आला, 'गावाची बदनामी कशाला करता?' ती म्हणाली, 'नळाची करतोय.' ठराव पुढं ढकलला गेला. वस्तीकडची वाहिनी दुरुस्त व्हायला चार महिने लागले आणि त्या काळात त्या बायकांना घरात आणि बाहेर बरंच ऐकून घ्यावं लागलं, हेही सांगते. ठेकेदाराचं शेवटचं बिल अडलं की गावातले काही लोक का चिडतात, याचा शोध तुम्हीच घ्या.

एकदा योजना ताब्यात घेतली की मोटारीचं वीजबिल, दुरुस्ती, टीसीएल पावडर, सगळं ग्रामपंचायतीवर येतं. त्यासाठी पाणीपट्टी भरायची, आणि ती बऱ्याच घरांत बाईच्या डब्यातूनच निघते. म्हणून ठरावाआधी अंदाजपत्रक, पाइपांचा नकाशा, पाण्याचा प्रयोगशाळेचा अहवाल आणि ठेकेदारानं मोफत दुरुस्ती करून द्यायची मुदत, एवढे कागद मागा. दिले नाहीत तर माहितीचा अधिकार २००५ पासून आहेच. हात वरच करायला हवा असं काही नाही. 'नाही, कारण अमुक घरांत पाणी नाही' असाही ठराव होतो, आणि तो तितकाच कायदेशीर असतो.

आता जेवून घेऊ. नंतर तपासणीची पेटी उघडायची आहे. इथल्याच नळाचं पाणी एका बाटलीत भरून ठेवू. ते काळं पडलं तर जंतू आहेत असं समजायचं. त्याला एक-दोन दिवस लागतात, तेव्हा उद्या निघण्याआधी प्रत्येकीनं बाटली बघून जायचं.